नाताळातले खजुराचे झाड

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघे मुलाकडे बर्मिंगहॅमला होतो. आम्ही म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले नवरा-बायको. गाव रायगड जिल्ह्यातले, खाडीकाठचे. पण नोकरीची उणीपुरी तीस वर्षे वसई तालुक्यात गेली. मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडला जाऊन स्थायिक झाला. ब्रिटनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती तशी जुनीच. बर्मिंगहॅम, ब्लॅकबर्न, लंडन अशा शहरांत आपली घरे आहेत, लग्नकार्यात अजून आपली बोली कानावर पडते. त्यामुळे फार परके वाटत नाही. परके वाटते ते हवामान. डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. जोहर, असर, मगरीब अशा पाठोपाठ येतात की जानमाज गुंडाळून ठेवायलाही सवड मिळत नाही.

अशाच एका संध्याकाळी मगरीबची नमाज आटोपून आम्ही बसलो होतो. सूनबाई नातीला शाळेतून घेऊन आली. नात तेव्हा सात वर्षांची. पायातले बूट न काढताच ती धावत आली आणि म्हणाली, "दादी, मी मेरी होणार!"

आम्हाला आधी काही उमजले नाही. मग सूनबाईने दप्तरातला कागद दाखवला. नाताळच्या सुट्टीआधी शाळेत येशूजन्माचे नाटक होते. इंग्लंडातल्या प्राथमिक शाळांची ही जुनीच रीत. त्या नाटकात येशूच्या आईचे, म्हणजे मरियमचे काम आमच्या नातीला मिळाले होते. निळे कापड डोक्यावर घ्यायचे, मांडीवर बाहुली घेऊन बसायचे, आणि शेवटी सगळ्यांबरोबर गाणे म्हणायचे. डोक्यावर ओढणी घेऊन नीट बसता येते, म्हणून बाईंनी तिला निवडले असावे, असे सूनबाई हसत म्हणाली. पण तिचे हसू फार टिकले नाही. घरात एकदम शांतता पसरली.

मुलगा कामावरून आल्यावर विषय निघालाच. तो म्हणाला, "अब्बा, यात आता धर्म कुठे राहिलाय? नुसता शो आहे. इथे कोण मानतंय ते? तरीही तुम्हाला बरं वाटत नसेल तर मी शाळेला चिठ्ठी देतो. शाळेतल्या प्रार्थनेतून मुलाला काढून घ्यायचा हक्क आईबापाला कायद्यानं आहे. नाटकाचंही शाळा ताणणार नाही."

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नुसता शो असेल तर तिला काढायचं कशाला? आणि शो नसेल तर विचार करायला हवा. आधी ते आहे काय, ते तरी ठरवा."

शिक्षकी पेशात हयात गेली, पण इतका नेमका प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हा दोघांतही एकमत होईना. आमच्यापैकी एकाला वाटे, मरियम काय परकी आहे? कुरआनात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री. एकोणिसावी सूरहच तिच्या नावाची. तिचे काम आपल्या नातीला मिळाले तर त्यात वाईट ते काय? दुसऱ्याला ती बाहुली खुपत होती. ती बाहुली म्हणजे हजरत ईसा अलैहिस्सलाम. आपण पैगंबरांचे चित्र काढत नाही, मूर्ती करत नाही; मग नातीच्या मांडीवर प्लास्टिकच्या बाहुलीला पैगंबर म्हणून बसवायचे? आणि शेवटच्या गाण्यात देवाचा पुत्र असे शब्द असतील, ते तिने म्हणायचे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. म्हणूनच झोप येत नव्हती.

त्या रात्री वसईची फार आठवण आली.

वसईत आम्ही एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरात भाड्याने राहत होतो. पुढे अंगण, मागे केळीची आणि पानवेलींची वाडी. घरमालकीणबाईंना सारे गाव मावशी म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. नाताळच्या आधीचे चार आठवडे त्या आगमनकाळ पाळत. त्या दिवसांत घरात लग्नाची बोलणी नसत, मोठ्याने गाणे-बजावणे नसे. आमच्या रमजानसारखे कडक रोजे नव्हते, पण जिभेला आणि हाताला आवर घालायचे दिवस होते एवढे खरे. पडवीत मावशी येशूजन्माची गव्हाण मांडायच्या. आठ दिवस आधी पेरलेल्या नाचणीची हिरवळ, मातीच्या गाई, मेंढ्या, आणि मधोमध रिकामी लाकडी गव्हाण. बाळ ठेवायचे ते मध्यरात्रीची मिस्सा झाल्यावर. तोवर ती रिकामीच.

गव्हाणीशेजारी भाताच्या काड्यांची एक जुडी असे. दिवसभरात ज्या मुलाने एखादे चांगले काम केले असेल त्याने त्यातली एक काडी उचलून गव्हाणीत टाकायची. कुणाला पाणी आणून दिले, कुणाशी भांडण मिटवले, खोटे बोलण्याचा मोह आवरला, की एक काडी. नाताळापर्यंत जेवढ्या काड्या जमतील तेवढे बाळाचे अंथरूण मऊ. आमचा मुलगाही रोज संध्याकाळी त्यांच्या नातवंडांच्या रांगेत उभा राही. एकदा तो रडत घरी आला. त्या दिवशी काडी टाकण्याजोगे काहीच केले नव्हते, आणि मावशींनी त्याला खोटी काडी टाकू दिली नव्हती. आमचा मुलगा मुसलमान म्हणून त्यांनी त्याला सूट दिली नाही, याचे आम्हाला तेव्हा मोठे कौतुक वाटले.

ही गव्हाण मांडायची चाल रूढ झाली ती असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरे गाय-गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. राजवाड्यातला झगमगाट बाजूला सारून लोकांना त्या रात्रीचे दारिद्र्य दिसावे, हा त्याचा हेतू. याच फ्रान्सिसने त्याआधी चार वर्षे, १२१९ मध्ये, क्रुसेडची लढाई ऐन भरात असताना इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल्-कामिलची भेट घेतली होती. सुलतानाने त्याचे ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत जाऊ दिले. दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. मावशींना ही हकीकत आम्ही सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुमच्या सुलतानाचीही एक काडी पडली म्हणा की!"

ज्याला सणाचा धार्मिक अर्थ म्हणतात तो आम्ही असा पाहिला होता. मावशींची श्रद्धा आमची नव्हती. येशू त्यांच्यासाठी देवाचा पुत्र, आमच्यासाठी अल्लाहचे पैगंबर. यावर आमची कधी तडजोड झाली नाही आणि कधी भांडणही झाले नाही. पण त्या पडवीत कुणाचा तरी जन्म होणार आहे, आणि त्यासाठी आपल्याला थोडे बरे व्हायचे आहे, हे मुसलमानाच्या पोरालाही कळत होते.

बर्मिंगहॅममध्ये नाताळ पावलोपावली होता. व्हिक्टोरिया चौकापासून न्यू स्ट्रीटपर्यंत फ्रँकफर्टच्या नावाने भरणारा जर्मन बाजार होता. लाकडी दुकाने, बिअरचे मग, सॉसेजचा धूर, फिरते घोडे. दिव्यांच्या माळा, सांताक्लॉज, खरेदीच्या पिशव्या. त्या गर्दीत आम्ही दोन तास फिरलो. ज्याचा जन्मदिवस, त्याचे नाव मात्र आम्हाला फारसे कुठे दिसले नाही. थोड्याच अंतरावर सेंट फिलिप कॅथेड्रल आहे. तिथे आत निवांत होते.

त्याच सुमारास, २९ नोव्हेंबर २०२२ ला, इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेतील धर्माचे आकडे जाहीर झाले होते. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये सुमारे ७२ टक्के होते, २०११ मध्ये ५९ टक्के, आणि २०२१ मध्ये ४६.२ टक्के. प्रथमच निम्म्याहून कमी. कोणताच धर्म नाही असे सांगणारे दहा वर्षांत २५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. मुसलमान ६.५ टक्के. सगळ्या वर्तमानपत्रांत हीच चर्चा.

आपल्या वाचकांना यातला एक विरोधाभास सांगायला हवा. इंग्लंडचे राज्य आजही धर्मनिरपेक्ष नाही. तिथला राजा हाच चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख. लॉर्ड्स सभागृहात २६ बिशपांना जागा आहेत. १९८८ च्या शिक्षण कायद्याने सरकारी शाळांत रोजची सामुदायिक प्रार्थना घालून दिली आहे आणि ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असे म्हटले आहे. म्हणजे राज्य धर्माचे आणि समाज इहवादी. आपल्याकडे नेमके उलट. राज्यघटना धर्मनिरपेक्ष, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो शब्दही उद्देशिकेत आला, आणि समाज मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत धर्मात बुडालेला. हमीद दलवाईंपासून आपल्या मंडळींत इहवादावर पुष्कळ वाद झाले. तेव्हा आम्हीही तावातावाने बोलत असू. पण इहवादी समाज म्हणजे प्रत्यक्षात काय, हे त्या जर्मन बाजारात उभे राहिल्यावर पहिल्यांदा दिसले. तिथे धर्माशी कुणाचे वैर नव्हते. कुणी चर्चवर दगड मारत नव्हते. लोक फक्त विसरत चालले होते.

हे विसरणे आजचे नाही, हेही खरे. सतराव्या शतकात नाताळ म्हणजे खाणे-पिणे आणि धिंगाणा झाला, म्हणून कडव्या धार्मिक प्युरिटनांच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये तो सणच बंद केला. राजेशाही परत आल्यावर, १६६० मध्ये, बंदी उठली. बंदी घालणारे नास्तिक नव्हते, उलट फार धार्मिक होते. सणाची घाण काढायला गेले आणि सणच काढून बसले. आपल्याकडेही ही जात ओळखीची आहे. पुढे १८४३ मध्ये डिकन्सची नाताळाची गोष्ट आली, त्याच वर्षी पहिले छापील नाताळकार्ड निघाले, आणि १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सजवलेल्या झाडाचे चित्र घराघरांत पोचले. आजचा नाताळ बराचसा तिथून आला. घर, मुले, भेटी, दानधर्म हे त्यातले चांगले. ते आम्ही नाकारत नाही. पण जे जोडले गेले त्याने मूळचे हळूहळू झाकले.

आणि दोष कुणावर गेला? बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने १९९७ आणि १९९८ मध्ये हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांची एकत्र जाहिरात करायला 'विंटरव्हल' असे नाव काढले होते. त्यात नाताळही नाताळ म्हणूनच होता. पण बातम्या अशा पसरल्या की मुसलमानांच्या भावना दुखावू नयेत म्हणून नाताळचे नाव बदलले. वर्षानुवर्षे ही गोष्ट छापली जात राहिली. शेवटी २०११ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने दुरुस्ती छापली. दुरुस्ती कोण वाचतो? आमच्या मुलाला कचेरीत अजून कुणीतरी थट्टेने विचारते, "आमचा ख्रिसमस चालतो ना तुला?" तो हसून सोडून देतो. चिठ्ठी देण्याची त्याची तयारी होती, पण चिठ्ठी दिली की तो जुना संशय पुन्हा खरा ठरणार, हेही त्याच्या मनात होते. ते त्याने आम्हाला नंतर सांगितले.

मुलाने मशिदीत इमामसाहेबांनाही विचारले. ते तरुण, तिथेच जन्मलेले. त्यांनी रागावून काही सांगितले नाही. म्हणाले, मरियमची गोष्ट मुलीला जरूर सांगा, शाळेशी भांडू नका, पण बाहुलीला पैगंबर मानून नाट्य करणे टाळलेले बरे. आमच्यातल्या एकाला हायसे वाटले, दुसऱ्याला रुखरुख लागली.

नातीला काय सांगायचे? आम्ही तिला जवळ बसवून सूरह मरियमची गोष्ट सांगितली. अल्लाहच्या हुकुमाने मरियमला दिवस जातात. ती माणसांपासून दूर एका जागी निघून जाते. जवळ आई नाही, बहीण नाही, सुईण नाही. वेणा सुरू होतात तेव्हा ती एका खजुराच्या बुंध्याला टेकते आणि म्हणते की याआधीच मेले असते तर बरे झाले असते. मग आवाज येतो की दुःख करू नकोस; पायाशी पाण्याचा झरा वाहू लागला आहे; झाड आपल्याकडे हलव, ताजा पिकला खजूर पडेल; खा, पी, आणि डोळे निववून घे. पुढे ती बाळ घेऊन लोकांत येते. लोक नाही नाही ते बोलतात. ती एक शब्द बोलत नाही, तिचा मौनाचा रोजा आहे. ती फक्त बाळाकडे बोट दाखवते, आणि पाळण्यातले बाळ बोलते.

नात डोळे विस्फारून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "आमच्या नाटकात खजुराचं झाड नाहीच!" थोडा विचार करून म्हणाली, "मग मी झाड होते. मेरी दुसरी कुणीतरी होईल. तिला खजूर कोण देणार?"

जे आम्हा चार मोठ्या माणसांना तीन दिवसांत सुटले नव्हते ते तिने असे सोडवले. सूनबाईने शाळेत जाऊन सांगितले. बाईंना कारण फारसे कळले नसावे, पण त्यांना सगळ्या मुलांना काही ना काही काम द्यायचेच होते. नाटकात आधीच पाच पेंग्विन आणि दोन अंतराळवीर होते. एक खजुराचे झाड त्यांना जड झाले नाही.

नाटकाच्या दिवशी शेजारच्या आजीबाईंनाही आम्ही बरोबर नेले. त्या गोऱ्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्त परिचारिका. रस्त्याच्या टोकाच्या लाल विटांच्या चर्चमध्ये त्या न चुकता जात. त्यांची मुले दूर राहतात; नाताळाला झाड सजवतात, पण चर्चला जात नाहीत. आजीबाईंची तक्रार नव्हती. फक्त एकदा म्हणाल्या होत्या की नव्या वस्तीत येशूबद्दल आपल्याला विचारणारे तुम्हीच पहिले.

नाटक छान झाले. पेंग्विन नाचले, अंतराळवीर तारा बघायला गेले, एका मेंढपाळाला ऐनवेळी रडू फुटले. आमची नात तपकिरी कपड्यांत, हातांना हिरव्या कागदाच्या झावळ्या बांधून मरियमच्या मागे उभी होती. मध्येच तिची एक झावळी सुटून मेंढपाळाच्या डोक्यावर पडली आणि सगळे हसले. हे झाड कसले, ते कुणालाच कळले नाही. आमच्या शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले की नाताळाचे झाड असेल, कागद कमी पडला. तासभर सगळे काही झाले. बाळ का जन्मले, एवढे मात्र कुणी सांगितले नाही.

परतताना आजीबाई हळूच म्हणाल्या, "गाढव ठेवलं, देव तेवढा राहिला." मग विचारले, "तुमची मुलगी काय झाली होती?"

आम्ही चालता चालता त्यांना खजुराच्या झाडाची गोष्ट सांगितली. त्या परिचारिका, बाळंतपणे किती केली असतील त्यांनी. ऐकता ऐकता थांबल्या. म्हणाल्या, आमच्या पुस्तकात तिच्या वेणांबद्दल एक शब्द नाही. सराईत जागा नव्हती, बाळाला गव्हाणीत ठेवले, एवढेच. मी दर वर्षी मनात म्हणते, तिला त्या रात्री पाणी कुणी दिले असेल? दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्यात तिला पाणी मिळालं. बरं झालं."

आम्हाला वाटते, नाताळाचा धार्मिक अर्थ आम्हाला त्या फूटपाथवर सापडला. त्यांच्या आणि आमच्या मानण्यातला फरक तिथेही होता. त्या रात्री देव माणूस होऊन आला, ही त्यांची श्रद्धा. अल्लाह एक आहे, त्याला ना पुत्र ना पिता, ही आमची. तो फरक पुसावा असे त्यांनाही वाटले नाही आणि आम्हालाही नाही. पण ज्या बाईला गावात जागा नाही, जिच्यामागे लोक बोलतात, तिला परमेश्वराने एकटे टाकले नाही, ही खूण दोन्हीकडे आहे. ती खूण पाहणारी माणसे आता तिथे थोडी उरली, आणि त्यात आपणही आहोत, याचे आम्हाला बरेही वाटले आणि ओझेही वाटले.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी आजीबाईंच्या बोलावण्यावरून आम्ही त्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. तीस-पस्तीस माणसे असतील. त्यांतली निम्मी केरळची आणि आफ्रिकेची. जे शब्द आमचे नव्हते तिथे आम्ही गप्प राहिलो. कुणी आमच्याकडे वळून पाहिले नाही. आमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांना हबशाच्या बादशहाची आठवण द्यावीशी वाटते. मक्केतल्या छळाला कंटाळून पहिल्या मुसलमानांनी हबशात आसरा घेतला तेव्हा जाफर बिन अबी तालिब यांनी ख्रिस्ती नजाशीच्या दरबारात सूरह मरियमच वाचली, आणि तो रडला, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. त्याने कुरैशांच्या हवाली केले नाही म्हणून ती माणसे वाचली. आपल्या इतिहासातला पहिला आसरा आपल्याला या सूरहने मिळवून दिला.

घरी परतल्यावर आणखी एक विचार छळू लागला. आम्ही त्या जर्मन बाजाराकडे बोट दाखवतो, पण आमचा बाजार? रमजानच्या रात्री आमच्या मोहल्ल्यांत काय चालते? मशिदीत तरावीह चालू असते आणि बाहेर पोरे खाण्याच्या गाड्यांवर. दुकानांवर रमजान सेलचे फलक. ज्यांनी दिवसभर काही गमावले नाही असे पुढारी इफ्तारच्या पंगतीत टोप्या घालून बसतात, आणि आम्ही त्यांचे फोटो छापतो. ईदच्या आदल्या रात्री कपड्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईला विचारा, फित्रा दिला का? नमाजेला निघण्याआधी तो गरिबाच्या हातात पडायला हवा, कारण त्याचीही त्या दिवशी ईद आहे. ते लक्षात आहे का? शिरखुर्म्यातला सुकामेवा मात्र कुणी विसरत नाही. इंग्लंडातल्या चर्चना कुणी शत्रूने रिकामे केले नाही. कापणीपूर्वी दाणे गळावेत तसे झाले. आपली मशीद आज भरलेली आहे, म्हणून आपले दाणे शाबूत आहेत असे समजायचे कारण नाही.

आपल्या देशात तर दुसरेच संकट आहे. २०२१ च्या नाताळात हरियाणातल्या अंबाल्याच्या जुन्या चर्चमध्ये येशूच्या पुतळ्याची मोडतोड झाली. ती बातमी वाचताना आम्हाला मावशींची पडवी आठवली. तिथे विसर, इथे द्वेष. द्वेषाच्या दिवसांत माणूस सणाला अधिक घट्ट धरतो, पण तेव्हाही अर्थ हातातून निसटू शकतो. सण मग निशाण होतो. ज्या धर्मनिरपेक्षतेची इथे थट्टा होते तिची किंमत आम्हाला ठाऊक आहे. ती मावशींचे रक्षण करते आणि आमचेही. फक्त एवढे की घटना सण साजरा करू देते, सणाचा अर्थ राखायचे काम ती करत नाही. ते घरातच करावे लागते, पडवीत, काडी काडीने.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या डिसेंबरात, आम्ही गावी होतो. गाझातल्या संहारामुळे बेथलेहेममध्ये नाताळाचा जाहीर उत्सव रद्द झाला होता. तिथल्या ल्युथेरन चर्चने गव्हाण मांडली नाही. तुटलेल्या विटा-दगडांच्या ढिगाऱ्यात बाळाला ठेवले, अंगावर पॅलेस्टिनी रुमाल. ते चित्र जगभर फिरले. ज्या गावात तो जन्मला तिथे दिवे नव्हते, बाजार नव्हता, आणि अर्थ मात्र लख्ख होता. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका टीव्हीसमोर रडत होत्या. त्यांच्यातल्या कुणी आयुष्यात नाताळ पाहिला नव्हता.

त्यानंतर वर्षभराने मुलाचा फोन आला. रस्त्याच्या टोकाचे चर्च बंद झाले. इमारत विकली गेली, तिथे सदनिका होणार. मशिदीत कुणी हळहळले की आपल्याला आधी कळले असते तर जागा आपणच घेतली असती. मुलगा म्हणाला, "अब्बा, त्या वेळी मला त्यांच्याबरोबर हळहळता आलं नाही. आजी तिथं पन्नास वर्षं बसत होत्या."

आजीबाई आता दुसऱ्या चर्चला जातात, ते चार मैलांवर आहे. एरवी बस मिळते. पण पंचवीस डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे बंद, बसही बहुतेक बंद. ज्या दिवशी चर्चला जायचे नेमक्या त्याच दिवशी म्हाताऱ्या माणसाला जायला वाहन नाही. त्या सकाळी मुलाने त्यांना गाडीतून नेले, तास-दीड तास बाहेर गाडीत बसून राहिला आणि परत आणले. नात मागच्या सीटवर होती. तिने डब्यात खजूर घेतले होते.

हे सगळे सांगून झाल्यावर तो थोडा वेळ बोललाच नाही. आम्हाला वाटले फोन कट झाला. मग म्हणाला, "अम्मी, वसईच्या मावशी असत्या तर काडी टाकू दिली असती ना?"

आम्ही म्हणालो, दिली असती.